दानपत्रावरची सही

जखम धुताना मला किळस येत नाही. शिकत असताना पहिल्या महिन्यात एकदा वॉर्डाच्या मागं जाऊन उलटी केली होती, तेवढीच. पुढं पू, किडे, काळं पडलेलं मांस, सगळं या हातांखालून गेलं आणि दुपारी घरी येऊन मी ताट भरून जेवले. त्यामुळे त्या वर्षी एका घरून परतताना रोज माझ्या पोटात ढवळायला लागलं, तेव्हा नवऱ्याला वाटलं, म्हाताऱ्याच्या पायाचा वास असेल. पायाला वास होताच. पण तो साबणानं हात धुतले की जायचा.

तो म्हातारा म्हणजे आमच्याकडचा मोठा जमीनदार. दोनदा आमदार झालेला, तिसऱ्या वेळी पडलेला, आणि पडल्यावरही ज्याच्या ओसरीवर तहसीलदारापासून हवालदारापर्यंत सगळे येऊन बसायचे असा. त्याचं नाव, घराणं, गाव मी सांगणार नाही. बिदर आणि कलबुर्गीच्या मधल्या आमच्या पट्ट्यात तो जिवंत असतानाही कुणी त्याचं नाव घेत नव्हतं. सगळे ‘साहेब’ म्हणायचे. मीही तोंडावर साहेब आणि अहोजाहोच करायचे. इथं लिहिताना मात्र मी त्याला ‘तो’ म्हणणार आहे.

लग्नानंतर मी कलबुर्गीच्या खासगी दवाखान्यातली नोकरी सोडून चिटगुप्प्याला आले होते. नवरा हायस्कूलवर शिक्षक. मुलगी शाळेत जायला लागली आणि माझी सकाळ रिकामी झाली. गावातल्या एका डॉक्टरांनी विचारलं, एका पेशंटच्या घरी रोज जाऊन पायाचं ड्रेसिंग करायचं, शुगर बघायची, इन्शुलिन द्यायचं आणि दुपारपर्यंत थांबायचं, जमेल का. मी हो म्हटलं. त्याचं गाव टमटमनं अर्ध्या तासावर. तिथवरचा डांबरी रस्ता त्यानंच आमदार असताना आणलेला, आणि रस्ता चांगला होता. नाल्यावरचा पूल आणि मुलींची शाळा हीसुद्धा त्याचीच कामं. खोटं कशाला बोलू.

पहिल्या दिवशी त्याच्या बायकोनं, तिला सगळे अक्का म्हणत, मला ओसरीच्या कडेला बसवून विचारलं, माहेर कुठलं. मी खटकचिंचोळी म्हटलं. तिनं विचारलं, खटकचिंचोळीत कुठं. हा दुसरा प्रश्न आम्हाला लहानपणापासून ओळखीचा असतो. मी म्हटलं, बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत. अक्कानं मान हलवली. तिच्या तोंडावर काही बदललं नाही, उलट ती हसलीच. मग चहा आला. तिचा कपबशीत, माझा स्टीलच्या ग्लासात. पिऊन झाल्यावर ती गोड आवाजात म्हणाली, ग्लास तेवढा विसळून धुण्याच्या दगडाशेजारी भिंतीवर ठेवा, म्हणजे उद्या सापडेल. तिथं आधीच एक जर्मनचं टमरेल पालथं घातलेलं होतं. ते कुणाचं हे मला थोड्या वेळानं कळलं.

आत कॉटवर तो उशांना टेकून बसला होता. पांढरंशुभ्र धोतर, खाली उजवा पाय, घोट्यापर्यंत सुजलेला, दोन बोटं काळी. डॉक्टरांनी कापायला सांगितलेली, त्यानं नकार दिलेला. मी पट्टी सोडायला लागले तेव्हा अक्का दारातून त्याच्याशी माझ्या जातीबद्दल कानडीत काहीतरी बोलली. मला कानडी येतं हे तिच्या लक्षात नसावं, किंवा असेल आणि फरक पडत नसेल. तो मराठीत, मला ऐकू येईल असं म्हणाला, “नर्सला जात नसती.” आणि मग माझ्याकडं बघून हसला, जसं काही मला मोठी देणगीच दिली. ग्लास भिंतीवरच राहिला.

ड्रेसिंगला तासभर लागायचा. तेवढा वेळ तो बोलायचा. त्याला आपलं आयुष्य सांगायला कुणीतरी हवं होतं आणि मी पायाशी अडकलेली असायचे. निजामाच्या काळात बाप सारा गोळा करायचा, घरात तीन घोडे होते, तिथून सुरुवात. मग आपण पहिल्यांदा कसे उभे राहिलो. मराठी गावात मराठीत भाषण करायचं, तुमचा तालुका एक दिवस महाराष्ट्रात जाणार म्हणून सांगायचं. पुढच्या गावात कानडीत, इथली मूठभर माती देणार नाही म्हणून. मुसलमानांच्या मोहल्ल्यात दखनीत, तिथं आणखी तिसरंच. हे सांगताना तो इतका खूश व्हायचा की पाय हलायचा आणि मला चिमटा उचलून थांबावं लागायचं.

एके दिवशी त्यानं आमच्या वस्तीतली गोष्ट सांगितली. आमच्या म्हणजे माझ्या गावच्या नव्हे, त्याच्या गावच्या बौद्धांच्या. निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात तो तिथं गेला होता. खाटेवर बसला, पाणी मागितलं, आणि सगळ्यांच्या देखत तांब्याभर प्याला. म्हाताऱ्या बायांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे.

“घरी येऊन आधी चूळ भरली,” तो म्हणाला. “मग अंघोळ केली. राग मानू नका सिस्टर, राजकारणात करावं लागतंय.”

मी त्या वेळी त्याच्या दोन बोटांच्या मधली सालपटं काढत होते. हात थांबला नाही. शिकवणच तशी असते. पण तोंडात पाणी सुटलं, उलटीच्या आधी सुटतं तसं, आणि ते मी गिळलं. त्या बायांमधल्या एकीनं तो तांब्या नंतर घासून वर फळीवर ठेवला असेल, आल्यागेल्याला दाखवला असेल, असं मला दिसत राहिलं. आमच्याही घरी माझ्या आजीनं ठेवला असता.

धुण्याच्या दगडाजवळचं ते टमरेल साहेबाच्या सालगड्याचं होतं. सालं बदलत गेली, गडी तोच. वय त्यालाही माहीत नव्हतं. साहेबाहून चार-दोन वर्षं लहान असेल. लहानपणी म्हशींमागं आला तो तिथंच म्हातारा झाला. तोही आमच्यातलाच. माझं काही नातं नव्हतं, पण मी त्याला मामा म्हणायचे आणि तो मला बाय. पूर्वी त्याला ओसरीच्या वर पाय ठेवता येत नव्हता. आता साहेबाला उचलून संडासात न्यायला रोज कुणीतरी लागायचं, पोरांना ते जमत नव्हतं, म्हणून मामाला आतपर्यंत येण्याची मुभा मिळाली होती. पिकदाणी तो धुवायचा. चादरी तो धुवायचा. काम झालं की दाराच्या बाहेर उकिडवा बसायचा, हाक आली की उठायचा.

कुणी पाहुणा आला, आणि रोजच येत, की साहेब मामाकडं बोट करून म्हणायचा, “यांना ओळखलं का? हे आमचे जमीनदार. आठ एकराचे मालक.” पाहुणे हसायचे. मामा तोंडावर हात धरून हसायचा. पहिल्यांदा मला वाटलं, नुसती चेष्टा. चार-पाच वेळा ऐकल्यावर मी साहेबालाच विचारलं. त्यानं अगदी मोकळेपणानं सांगितलं. सीलिंगचा कायदा आला, एकानं किती जमीन ठेवायची ते सरकारनं ठरवलं, तेव्हा त्यानं जास्तीची जमीन दुसऱ्यांच्या नावावर करून टाकली होती. मेहुण्यांच्या, स्वयंपाकिणीच्या, एका मेलेल्या चुलत्याच्या, आणि नाल्याकडची आठ एकर मामाच्या. बाकीची पुढं एकेक करून परत आली. मामाची राहून गेली.

“कामून परत घ्यायची?” तो म्हणाला. “खातो मीच की. त्याचं तेवढं नाव हाय.”

हे सगळं बोलणं मामा दारात बसून ऐकत होता. साहेबानं हाक मारून विचारलं, काय रं, खोटं हाय का? मामा म्हणाला, न्हाई मालक.

त्यातली खरी गंमत मला नंतर अक्काच्या तोंडून कळली. कागदावर आठ एकर असल्यामुळे मामाला गरिबांचं रेशनकार्ड मिळत नव्हतं. तीनदा अर्ज केला, तीनदा परत आला. म्हातारपणाची पेन्शनही त्यामुळेच अडलेली. अक्का हे सांगत होती ते आपला चांगुलपणा दाखवायला. सरकार देत नाही म्हणून मी देते, म्हणाली, दर आठवड्याला जोंधळे, तांदूळ, माझ्या हातानं. मामा ते धोतराच्या सोग्यात घ्यायचा आणि कपाळाला लावायचा. मी ते बघितलं आहे. कॉटवर पडलेला म्हातारा, भिंतीवरचा माझा ग्लास, त्याची ती निवडणूक, या सगळ्यापेक्षा त्या कपाळाला लावण्यानं मला जास्त घाण वाटली. कुणाची, ते तेव्हा नीट कळलं नाही.

उन्हाळ्यात साहेबाचा पाय वर चढला. काळेपणा घोट्याच्या पुढं गेला आणि डॉक्टरांनी थोरल्या मुलाला बाजूला घेऊन सांगितलं की आता फार दिवस नाहीत. थोरला मुलगा बिदरला राहायचा, बापाच्या पक्षाचं काम बघायचा. त्या आठवड्यात तो रोज यायला लागला. बापाची विचारपूस दोन मिनिटं, मग कपाटातली कागदपत्रं. एक दिवस ड्रेसिंग चालू असतानाच तो बापाला म्हणाला, नाल्याकडच्या आठ एकराचं काय. म्हातारा सालगडी आज हाय, उद्या न्हाई. त्याची पोरगी कोहिनूर गावात दिलेली हाय, जावई शिकलेला हाय. त्यानं वारसाचा दावा टाकला तर? साहेबानं डोळे मिटले आणि म्हणाला, करून घे. वकिलानं दानपत्राचा मार्ग सुचवला होता. म्हणजे मामानं आपली आठ एकर जमीन प्रेमापोटी, काही न घेता, मालकाच्या थोरल्या मुलाला दान करायची.

दान या शब्दावर साहेबाला त्या अवस्थेतही हसू आलं. खोकला येईपर्यंत हसला.

त्या दुपारी निघताना मी मामाला नाल्याच्या पुलापर्यंत बरोबर चला म्हटलं. वाटेत मी त्याला सगळं समजावून सांगितलं. कागदावर जमीन तुमची आहे. एवढी वर्षं तुम्ही कसली आहे. अंगठा देऊ नका. माझा नवरा वकिलाला विचारेल, तुमच्या जावयाला बोलवू, भांडू. मी बोलत राहिले आणि तो मान हलवत राहिला. पुलावर थांबून तो म्हणाला, “बाय, मला ठावं हाय सगळं. पर जमीन माझी कवा व्हती? नाव माझं व्हतं. ते तेवढं सुटलं तर तांदूळ मिळंल की.”

मी म्हटलं, आठ एकर सोडून तुम्ही तांदळाचा विचार करताय?

तो म्हणाला, “अंगठा न्हाई दिला तर उद्या सकाळी कुठं जाऊन बसू? सांग की.”

मला राग आला, आणि रागाच्या खाली किळस. त्याच्या वाकलेल्या पाठीची, तोंडावर हात धरून हसण्याची, त्या ‘मालक, मालक’ची. माझ्या आजोबांनी गावकीची कामं सोडली, मेलेलं जनावर ओढणार नाही म्हणून गाव सोडून परमुलखात राबले, तेव्हा आम्ही शिकलो. आणि हा माणूस. मी टमटममध्ये बसले आणि त्याच्याकडं वळून बघितलं नाही. आज ते आठवलं की मला माझीच लाज वाटते. उद्या कुठं बसू, या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकले नव्हते, आणि किळस मात्र त्याची केली.

तालुक्याच्या रजिस्टर ऑफिसला जायचं ठरलं त्या दिवशी मामा म्हणाला, मालक स्वतः आले तरच येतो. एवढी एकच गोष्ट त्यानं हट्टानं मागितली. म्हणून साहेबाला गाडीत मागच्या सीटवर आडवं करून घेतलं, आणि साहेब निघाला म्हणून मलाही बरोबर जावं लागलं. मामा पुढं ड्रायव्हरशेजारी बसला होता. त्या गाडीत तो पहिल्यांदाच बसत होता. गाव मागं पडल्यावर त्यानं मान न वळवता, समोरच्या काचेकडं बघत बोलायला सुरुवात केली.

“मालक, नाल्याच्या बांधाकडंचं दोन गुंठं राहू द्या. तिथं ती हाय. आन् ती दोन लेकरं.”

मामाची बायको आणि जन्मून थोड्याच दिवसांत गेलेली दोन मुलं त्या बांधाजवळ पुरली होती. आमच्या लोकांना त्या गावात तेव्हा स्मशानाला जागा नव्हती, ज्याला जिथं मुभा मिळेल तिथं माती द्यायचे. साहेबानं मागून हात लांब करून मामाच्या खांद्यावर ठेवला. एवढ्या महिन्यांत त्यानं मामाला आपणहून हात लावलेला मी पहिल्यांदाच बघितला. म्हणाला, “तुझंच हाय की ते. कोण न्हाई म्हणायलाय?” थोरला मुलगा म्हणाला, कागदात घातलं तर पुन्हा मोजणी, नकाशा, सगळं लांबतंय. तोंडी राहू दे, आमचा शब्द हाय. मामानं मान हलवली.

ऑफिसमध्ये दोन साक्षीदार लागतात. एक ड्रायव्हर होता. दुसरा थोरल्याचा कुणी मित्र यायचा होता, तो आला, पण ओळखपत्र घरीच विसरून. थोरला चिडला. मग त्याची नजर माझ्याकडं गेली. सिस्टर, तुमचं कार्ड असेल ना पर्समध्ये. अगदी सहज, पाणी द्या म्हणावं तसं तो बोलला.

माझं कार्ड पर्समध्ये होतं. मी नाही म्हणू शकले असते. मला कुणी धमकी दिली नव्हती, कुणी हात धरला नव्हता. साहेब गाडीत एकटा होता, त्याची शुगर बघायची वेळ होऊन गेली होती, बाहेर ऊन होतं, रांगेतले लोक आमच्याकडं बघत होते, आणि मला ते लवकर संपायला हवं होतं. आत बसलेल्या अधिकाऱ्यानं मामाला कानडीत विचारलं, राजीखुशीनं देताय ना. मामा म्हणाला, व्हय. त्याचा फोटो काढला. त्याचा अंगठा मशीनवर उठत नव्हता, कामानं रेघा झिजलेल्या, तेव्हा कारकुनानं त्याचा हात धरून बोट पुसलं आणि पुन्हा दाबलं. मग ड्रायव्हरनं सही केली. मग मी केली. पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव, पत्ता, माझ्या सुबक अक्षरात.

परत येताना मामा पुन्हा पुढंच बसला होता. त्याचा चेहरा हलका झाला होता. ड्रायव्हरला विचारत होता, आता कार्डाचा अर्ज कुठं द्यायचा.

साहेब त्यानंतर तीन आठवड्यांनी गेला. मी शेवटपर्यंत त्याचं सगळं केलं. मेल्यावर पाय धुऊन, नवी पट्टी बांधून, पायमोजा चढवून दिला, कारण अक्काला लोकांना तो पाय दिसू द्यायचा नव्हता. गावात मांडव उभा राहिला. बिदरहून, कलबुर्गीहून गाड्या आल्या, लातूरकडूनही काही माणसं आली. एकापाठोपाठ एक भाषणं झाली, कानडीत आणि मराठीत. एक बडा पुढारी माईकवर म्हणाला की कायद्याच्या आधी ज्यानं आपल्या सालगड्यांच्या नावावर स्वतःची जमीन केली असा हा एकच नेता. लोकांनी माना डोलावल्या. यातला ‘आधी’ हा शब्द सोडला तर बाकी कागदोपत्री खरंच होतं. मी बायकांच्या बाजूला उभी होते, मांडवाचा खांब धरला आणि खाली बसले. शेजारची बाई मला पदरानं वारा घालायला लागली. तिला वाटलं, मला दुःख झालंय.

मामा मांडवाच्या बाहेर, चपलांच्या ढिगाजवळ उकिडवा बसला होता. तो मात्र रडत होता. खरं रडत होता, नाक पुसत.

माझं काम संपलं. पावसाळ्यानंतर कुणाकडून तरी कानावर आलं की नाल्याकडच्या रानात ऊस लावायला जेसीबी आणून बांध सपाट केले. मी दुसऱ्या दिवशी गेले. मामा मला तिथं घेऊन गेला. काळी माती सरळ सऱ्यांमध्ये ओढलेली, कांड्या लावलेल्या, बांध कुठं होता ते सांगताही येत नव्हतं. मामा एका सरीत उभा राहिला, मग दोन सऱ्या सोडून दुसऱ्या जागी, मग परत पहिल्या. त्यालाही नेमकी जागा सापडत नव्हती. जेसीबी आली त्या दिवशी तो थोरल्याकडं गेला होता. थोरला बापाला अप्पा म्हणायचा. म्हणाला होता, अप्पांचा शब्द अप्पांबरोबर गेला. आणि म्हणाला होता, हाडं कुठं पळून जात्यात, मातीतच हायती की.

हे सांगतानाही मामाचा आवाज चढला नाही. त्यानं एका सरीतून उचललेले विटेचे तीन तुकडे धोतरात बांधून ठेवले होते. बायकोच्या डोक्याशी त्यानंच ती वीट लावली होती.

त्या दोन गुंठ्यांसाठी मी तहसीलला अर्ज दिला. तिथल्या कारकुनानं दानपत्राची नक्कल काढून माझ्यासमोर ठेवली. त्यात लिहिलं होतं की दान देणाऱ्याचा या जमिनीवर कसलाही हक्क शिल्लक राहिलेला नाही. कारकुनानं खाली बोट ठेवून विचारलं, ही सही कुणाची. मी म्हटलं, माझी. तो म्हणाला, मग मॅडम, तुम्हीच सांगा आता. तो उर्मट नव्हता. तेच जास्त लागलं. नवऱ्यानं एका वकिलालाही विचारलं. त्यांनी कागद वाचून परत दिला.

मामाला कार्ड मात्र मिळालं. त्यानं ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मला दाखवायला चिटगुप्प्याला आणलं. मी त्याला कपबशीत चहा दिला, आम्ही समोरासमोर बसून प्यालो. त्याचा आनंद बघून मला काय वाटलं ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. तो खूश होता आणि मी त्याला खूश राहू दिलं. त्याच सुमाराला साहेबाच्या दारातलं त्याचं बसणं सुटलं, म्हणजे त्यांनीच सोडवलं. चादरी धुवायला आता कुणी नको होतं. त्याची मुलगी त्याला कोहिनूरला घेऊन गेली.

गेल्या हिवाळ्यात मामा तिथंच वारला. त्याच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी लगेच निघाले. कोहिनूरला आमच्या लोकांच्या स्मशानाला सरकारी जागा आहे, तिथं खड्डा खणून ठेवला होता. त्रिसरण, पंचशील झालं. माती द्यायच्या आधी रस्त्यावर दोन गाड्या थांबल्या आणि थोरला उतरला. निवडणूक जवळ आलेली. पांढरे कपडे, हातात हार, मागं फोटो काढणारा एक जण. त्यानं हार घातला, वाकून मामाच्या पायाला हात लावला आणि फोटो निघेपर्यंत तसाच वाकून राहिला. मग उठून लोकांना म्हणाला, आमच्या घरातलंच माणूस होतं, आमच्या अप्पांनी याला भावासारखं ठेवलं.

मुलगी खाली बघत उभी होती. मी पुढं गेले.

“तुम्ही निघा आता,” मी म्हटलं.

त्यानं मला ओळखलं नाही, किंवा ओळखून दाखवलं नाही. म्हणाला, ताई, माती देऊन जातो की.

“माती तुम्ही दिलीय याच्या घरच्यांना. आठ एकराची. निघा.”

त्यानं हात जोडले, सगळ्यांना मिळून एकच नमस्कार, आणि गेला. आम्ही माती दिली.

परत निघाले तर भलतंच निघालं. वस्तीतले दोन-तीन कर्ते पुरुष माझ्यावर नाराज होते. त्यांनी जावयाला बाजूला घेऊन बोल लावला, मग मलाही. थोरल्यानं वस्तीला समाजमंदिर बांधून द्यायचं कबूल केलं होतं, त्याच दिवशी जाहीर करणार होता. तुम्ही बाहेरून आलात, बोलून गेलात, आम्हाला इथं राहायचंय. पुलावर मामानं विचारलेलंच हे होतं.

समाजमंदिर पुढं झालंच. निवडणुकीच्या आधी पत्रे चढले, फरशी बसली. उद्घाटनाचे फोटो नवऱ्यानं मला मोबाइलवर दाखवले, त्यात थोरला मधोमध बसून सगळ्यांबरोबर जेवतोय, त्याच्या पुढ्यात पाण्याचा ग्लास आहे. मी फोन नवऱ्याच्या हातात परत दिला आणि उठून मोरीत गेले. बराच वेळ ओकाऱ्या येत राहिल्या. पोटातून काहीच पडलं नाही. बाहेर मुलगी विचारत होती, आई, काय खाल्लंस. मी तोंड धुतलं आणि गावातल्या दवाखान्यात दुपारच्या ड्युटीला गेले.